लॅब रात्री मोकळी असते, संशोधन अडलेलं असतं: कॉम्प्युटरची ताकद वाटून कशी घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात कृषी हवामानशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीला सोयाबीनच्या पीक मॉडेलचे, म्हणजे पिकाची वाढ गणिताने मांडणाऱ्या प्रोग्रामचे, ७२ लाख रन घ्यायचे आहेत. पेरणीच्या १२ तारखा, ५ वाण, ८ जिल्हे, ३० वर्षांचं हवामान आणि वाणांच्या गुणांकांचे ५०० संच, असा तो गुणाकार आहे. एका रनला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ८३ दिवस. शेजारच्या कॉलेजात चाळीस कॉम्प्युटरची लॅब संध्याकाळनंतर बंद असते. ती वापरता येईल का? की सेटी ॲट होम हा प्रकल्प जसा लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालला, तसा आपलाच प्रकल्प काढून लोकांचे कॉम्प्युटर मिळवावेत?

लॅब वापरता येईल आणि जरूर वापरा. लोकांच्या कॉम्प्युटरवर चालणारा स्वतःचा प्रकल्प मात्र आत्ता काढू नका. मी मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या लॅब जोडून असे पूल, म्हणजे एकत्र वापरायच्या मशीनचे गट, बरीच वर्षं चालवतो आहे, आणि माझं ठाम मत आहे की आपल्याकडे संशोधनासाठी लागणारी बरीचशी संगणकशक्ती आधीच विकत घेतलेली आहे. ती कुलूपबंद खोल्यांत आहे. ती मोकळी करायला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो भरवसा.

आधी तुमचाच हिशेब नीट मांडू. ७२ लाख सेकंद म्हणजे दोन हजार कोअर-तास (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आणि एका कोअरचं तासभराचं काम म्हणजे एक कोअर-तास). ८३ दिवसांचा आकडा एकच कोअर वापरला तर येतो. तुमच्या कॉम्प्युटरला चार कोअर असतील तर काम चार भागांत तोडून चारही कोअरवर लावा, तीन आठवड्यांत संपेल. त्याआधी मॉडेलच्या आउटपुट फाइल्स पाहा. पीक मॉडेल सवयीने रोजची पानवाढ, रोजचा ओलावा, रोजचं नत्र असं सगळं लिहीत बसतं. तुम्हाला शेवटचं उत्पादन आणि फुलोऱ्याची तारीख एवढंच हवं असेल तर रोजचं आउटपुट बंद करा. पुष्कळदा निम्मा वेळ डिस्कवर लिहिण्यातच गेलेला असतो. माझ्याकडे मोठं मशीन मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हे दोन प्रश्न विचारतो, आणि काहींचं काम तिथेच सुटतं.

आता लॅब. चाळीस मशीन, प्रत्येकी चार कोअर. एक कोअर मशीनच्या स्वतःच्या कामाला सोडा, म्हणजे १२० कोअर उरतात. दोन हजार भागिले १२०, साधारण १७ तास. रात्री आठ ते सकाळी आठ धरलं तर दोन रात्री, अडचणी धरून तीन. विजेचं बघायचं तर एक मशीन भर कामात शंभर वॉट घेतं असं धरा: चाळीस मशीन, बारा तास, ४८ युनिट. युनिटला दहा रुपये लावले तरी रात्रीचे ४८० रुपये होतात. हा आकडा कागदावर मांडून प्राचार्यांसमोर ठेवा. "वीजबिल किती येईल?" हा प्रश्न तुम्ही खोलीत शिरण्याआधीच त्यांच्या मनात असतो.

यासाठी एचटीकॉन्डर हे सॉफ्टवेअर घ्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने १९८८ मध्ये कॉन्डर नावाने ते सुरू केलं, आजही ते मोफत मिळतं आणि विंडोजवरही चालतं. त्यामागची कल्पनाच मोकळ्या पडलेल्या टेबलावरच्या मशीनचा वेळ गोळा करण्याची होती. एक मशीन मध्यवर्ती व्यवस्थापक होतं. प्रत्येक मशीन आपली जाहिरात त्याच्याकडे पाठवतं: माझ्याकडे इतकी रॅम आहे, इतके कोअर आहेत, आणि माझ्या या अटी आहेत. प्रत्येक जॉबही, म्हणजे मशीनला दिलेलं एकेक कामही, आपली जाहिरात देतो: मला इतकी रॅम हवी, विंडोज हवं. व्यवस्थापक दोन्ही बाजूंच्या अटी जुळवतो. अट घालण्याचा हक्क मशीनच्या मालकाकडे राहतो, म्हणून हे सॉफ्टवेअर मला आवडतं. त्याच्या डेस्कटॉप पॉलिसीत पंधरा मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नसेल आणि मशीनवर दुसरा भार नसेल तरच बाहेरचा जॉब सुरू होतो. कोणी येऊन बसलं की जॉब थांबतो, आणि तो माणूस बसूनच राहिला तर जॉब तिथून हलवला जातो.

तुमचं काम या पद्धतीला अगदी योग्य आहे, कारण एका रनला दुसऱ्याचं उत्तर लागत नाही. जालन्याच्या १९९५ च्या रनला लातूरच्या २०१५ च्या रनशी काही देणंघेणं नाही. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत चालणारं डॉकिंगही असंच: दहा हजार रेणू एकाच प्रथिनावर कॉम्प्युटरमध्ये बसवून पाहायचे, प्रत्येकाचं काम स्वतंत्र. ज्या कामात हजार तुकडे दर क्षणाला एकमेकांशी बोलतात, उदाहरणार्थ बारीक जाळीचं हवामान मॉडेल किंवा एकाच मोठ्या रेणूचं लांबलचक सिम्युलेशन, ते लॅबच्या नेटवर्कवर लावलं तर कोअर एकमेकांची वाट पाहत बसतील. ते काम वेगळ्या ठिकाणी न्यायचं, त्याबद्दल पुढे सांगतो.

काम तोडण्याच्या आकाराकडे लक्ष द्या, सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. ७२ लाख रनचे ७२ लाख जॉब करू नका. जॉब पाठवणं, फाइल्स नेणं, निकाल परत आणणं यात दर जॉबमागे काही सेकंद जातात, आणि तुमचा रन तर एकाच सेकंदाचा आहे. १८०० रनचा एक गठ्ठा बांधा. तो अर्ध्या तासात संपेल आणि एकूण जॉब होतील ४०००. यापेक्षा फार मोठा गठ्ठाही नको. आपल्याकडे लाइट जाते. यूपीएसच्या बॅटऱ्या लॅबमध्ये बहुधा दहा मिनिटांच्या वर तग धरत नाहीत. विंडोज रात्री मध्येच अपडेट घेऊन रीस्टार्ट होतं. अर्ध्या तासाचा जॉब मेला तर अर्धा तास गेला. आठ तासांचा जॉब पहाटे चारला मेला तर रात्र गेली. ज्यांचा एक रनच आठ तासांचा आहे त्यांनी मध्ये मध्ये स्थिती फाइलमध्ये साठवून तिथून पुढे सुरू होण्याची सोय आपल्या प्रोग्राममध्येच करावी. पूर्वी कॉन्डर ही साठवण स्वतः करून देई, ती सोय आता काढून टाकलेली आहे. जुन्या मार्गदर्शिका वाचून तिच्यावर विसंबू नका.

डेटाचाही हिशेब करा. तुमच्या हवामानाच्या फाइल्स काही एमबींच्या आहेत, चिंता नाही. तुमच्याच विभागात कोणी उपग्रह चित्रांवर काम करत असेल आणि प्रत्येक मशीनवर दोन जीबी पाठवायचे असतील तर चाळीस मशीनचे ८० जीबी होतात. पाठवणारं मशीन जुन्या १०० एमबीपीएसच्या नेटवर्क स्विचवर (मशीन एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवर) असेल तर नुसतं वाटप करायला पावणेदोन तासांच्या वर लागतील. गीगाबिट स्विच टाकला की तेच काम दहा-बारा मिनिटांवर येतं. एका स्विचच्या किमतीत एवढा फरक पडतो, म्हणून लॅबसाठी काही मागायचंच असेल तर नव्या मशीनआधी स्विच मागा.

सॉफ्टवेअरच्या परवान्यांकडेही बघा. मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरचा कोड चाळीस मशीनवर चालवायला चाळीस परवाने मागेल. तो कंपाइल करून मोफत मिळणाऱ्या रनटाइमवर चालवा, किंवा त्याच धर्तीच्या मोफत ऑक्टेव्हवर न्या. पायथन वापरत असाल तर सगळ्या लायब्रऱ्यांसह एकच पोतडी करून जॉबबरोबर पाठवा. लॅबच्या मशीनवर काहीही वेगळं बसवावं लागू नये. हे लॅब असिस्टंटच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे.

लॅब असिस्टंट हा या सगळ्यातला मुख्य माणूस. प्राचार्यांची सही मिळते, विभागप्रमुख हो म्हणतात, पण रात्री मशीन चालू ठेवायची की नाही हे शेवटी लॅबची किल्ली ज्याच्या कमरेला आहे तो ठरवतो. लॅबमधल्या वस्तूंची नोंद असलेलं डेडस्टॉक रजिस्टर त्याच्या नावावर असतं. मशीनला वीज पुरवणारा एखादा एसएमपीएस जळाला तर जाब त्याला द्यावा लागतो. त्याला आधी भेटा, चहा घ्या आणि खरं ते सांगा: मशीन रात्री गरम होतील, पंखे जोरात फिरतील, काही जुने भाग लवकर जातीलही. मग काय बदललं तर त्याचा भार कमी होईल ते विचारा. मी आजवर पाहिलेले जे पूल टिकले, त्या प्रत्येक ठिकाणी लॅब असिस्टंटला पूलचा कारभार समजत होता आणि तो बंद करण्याचा अधिकार त्याच्या हातात होता.

लेखी परवानगी एका पानाची पुरे. कोणत्या लॅबमधली किती मशीन, कोणत्या वेळेत, कोणाचे जॉब चालतील. विद्यार्थ्यांच्या फाइल्सना हात लागणार नाही. परीक्षा, प्रॅक्टिकल आणि ऑनलाइन चाचण्यांच्या दिवशी पूल पूर्ण बंद. एप्रिल-मे महिन्यांत निम्मीच मशीन. ही शेवटची अट मी नेहमी स्वतःहून घालतो. पारा बेचाळीसवर गेलेल्या दिवसानंतर रात्रीसुद्धा स्लॅबची खोली निवत नाही. खिडक्या बंद, एसी बंद आणि चाळीस मशीन भर कामात म्हणजे चार किलोवॉटचा हीटर लावल्यासारखं आहे. मोठी कामं दिवाळीच्या सुट्टीत आणि हिवाळ्याच्या रात्रींत उरका. मशीनमधली धूळ वर्षातून दोनदा ब्लोअरने काढायची जबाबदारी पूल वापरणाऱ्यांनी घ्यावी. हेही त्या पानावर लिहा.

तुम्ही एकट्याच वापरणार असाल तर वाटणीचा प्रश्न येत नाही. पण महिन्याभरात फार्मसीचे सर येतील, मग फिजिक्सच्या मॅडम येतील, आणि ते यावेत अशीच माझी इच्छा आहे. एचटीकॉन्डर प्रत्येकाच्या वापराची नोंद ठेवतो. ज्याने नुकतंच जास्त वापरलं त्याचा क्रम मागे जातो, आणि मागच्या वापराचं हे वजन मूळ सेटिंगप्रमाणे दर दिवसाला निम्मं होत जातं. म्हणजे काल रात्री तुम्ही सगळी लॅब घेतली असेल तर आज फार्मसीच्या जॉबना आधी जागा मिळेल, आणि कोणाला कोणाकडे तक्रार करावी लागणार नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, लोकांच्या कॉम्प्युटरवरच्या प्रकल्पाकडे. १७ मे १९९९ ला कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाने सेटी ॲट होम सुरू केलं. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचे छोटे तुकडे घरोघरी पाठवायचे आणि स्क्रीनसेव्हर लागला की ते तपासायचे, अशी ती योजना होती. लाखो लोक सामील झाले. पुढे त्याच गटातल्या डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून बॉइंक उभं केलं, म्हणजे कोणत्याही संशोधकाला असा प्रकल्प काढता यावा अशी मोफत व्यवस्था. सेटी ॲट होमने मार्च २०२० अखेर नवं काम वाटणं थांबवलं, पण बॉइंकवरचे दुसरे प्रकल्प चालू आहेत. त्याच वसंतात बॉइंकच्या बाहेरच्या फोल्डिंग ॲट होम या अशाच प्रकल्पाने कोरोना विषाणूच्या प्रथिनांचं काम हाती घेतलं. इतके लोक जोडले गेले की त्यांची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या, पुढे गेली. तेव्हा जगातला कोणताही एक सुपरकॉम्प्युटर त्याच्या जवळपास नव्हता.

हे वाचून मोह होतो, आणि तो मी समजू शकतो. पण अनोळखी माणसाच्या मशीनवरून आलेलं उत्तर जसंच्या तसं खरं धरता येत नाही. कोणाची रॅम खराब असते, कोणी प्रोसेसर प्रमाणाबाहेर पळवलेला असतो, क्वचित कोणी केलेल्या कामाबद्दल मिळणाऱ्या गुणांसाठी खोटं उत्तर पाठवतो. म्हणून तेच काम निदान दोघांकडे पाठवायचं आणि उत्तरं जुळली तरच स्वीकारायचं ही रीत आहे. तिथेच निम्मी ताकद जाते. शिवाय वेगवेगळ्या प्रोसेसरवर दशांशाचे शेवटचे आकडे वेगळे येतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संस्थेच्या एलएचसी ॲट होम प्रकल्पात कणांचा झोत लाखो फेऱ्या घेतो तेव्हा हा शेवटच्या आकड्याचा फरक वाढत जाऊन उत्तर पार बदलतं. सगळ्या मशीनवर अगदी एकच उत्तर यावं म्हणून त्यांना गणिती फंक्शनची खास लायब्ररी वापरावी लागली. याशिवाय विंडोज, लिनक्स, मॅक यांच्यासाठी वेगवेगळे प्रोग्राम करायचे, ते इंटरनेटला न जोडलेल्या मशीनवरच्या गुप्त किल्लीने प्रमाणित करायचे, सर्व्हर चोवीस तास चालू ठेवायचा आणि लोकांच्या प्रश्नांना वर्षानुवर्षं उत्तरं द्यायची. तुमचं काम तीन रात्रींचं आहे. त्यासाठी एवढा संसार मांडायची गरज नाही. दहा वर्षं चालणारं आणि सामान्य माणसाला आपलं वाटणारं काम हाती असेल तेव्हा बॉइंकचा विचार करा.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, मोबाइल नंबर असलेला डेटा बाहेरच्या मशीनवर कधीही पाठवू नका, शेजारच्या कॉलेजच्या लॅबमध्येसुद्धा नाही. मॉडेलला माती, हवामान आणि पेरणीची तारीख लागते, माणसाचं नाव लागत नाही. ते आधी काढा, मग गठ्ठे बांधा.

स्वयंसेवक म्हणून मात्र आपण जरूर सामील व्हावं, आणि मराठवाड्याला त्याचं खास कारण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोचा डेटा आज दोन्ही पद्धतींनी तपासला जातो. संस्थांच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मशीनवर) एचटीकॉन्डर असतं, आणि सतत येणाऱ्या अतिक्षीण लहरींचा शोध आइनस्टाइन ॲट होम हा बॉइंक प्रकल्प २००५ पासून लोकांच्या मशीनवर घेतो. याच प्रकल्पाने रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून नवे पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ लहरींचे ठोके देणारे तारे, शोधले आहेत. २०१० मध्ये जाहीर झालेला त्यातला पहिला अमेरिकेतल्या आयोवामधल्या आणि जर्मनीतल्या स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर सापडला. हिंगोली, नांदेड, परभणीच्या कॉलेजांतल्या मुलांनी आज लॅब जोडायला शिकून घेतलं तर उद्या आपल्याच जिल्ह्यातल्या वेधशाळेच्या डेटावर काम करायला त्यांना कोणाची ओळख काढावी लागणार नाही. हे मला मनापासून हवं आहे. मात्र कॉलेजच्या मशीनवर असा प्रकल्प लावण्याआधीही लेखी परवानगी घ्याच.

आता संस्था-संस्थांमधली वाटणी, ज्याला ग्रिड म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांची सावड तुम्हाला ठाऊक आहे: माझा एक बैल, तुझा एक बैल, आज तुझं रान, उद्या माझं. ग्रिड हेच करतं, फक्त कोणाचा बैल किती दिवस कोणाकडे राहील हे आधी लिहून ठरवावं लागतं. याचं सर्वात मोठं उदाहरण सर्नच्या एलएचसी या कण-त्वरकाचं. चाळीसहून अधिक देशांतली साधारण १७० संगणक केंद्रं मिळून तो डेटा साठवतात आणि तपासतात. त्यात मुंबईची टीआयएफआर आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या संशोधन संस्थांची आपली केंद्रंही आहेत. भारतात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने गरुड हा राष्ट्रीय ग्रिड उभारला. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट ओळख पटवण्याची: दुसऱ्या संस्थेतल्या मशीनला हा जॉब पाठवणारा कोण आहे हे पटवून द्यावं लागतं. त्यासाठी डिजिटल प्रमाणपत्रं देणारी अधिकृत यंत्रणाही सी-डॅकने चालवली. इंटरनेटवर ग्रिडबद्दल शोधलंत तर ग्लोबस टूलकिट या ग्रिडच्या सॉफ्टवेअरच्या पुष्कळ सूचना सापडतील. त्या टूलकिटचा सांभाळ २०१८ च्या सुरुवातीलाच थांबला आहे. नव्याने त्यात शिरू नका.

तुमच्या पातळीवर यासाठी एचटीकॉन्डरमधलं फ्लॉकिंग पुरेसं आहे. परभणीच्या पूलमध्ये जागा नसेल तर जॉब नांदेडच्या पूलकडे जातो, आणि उलटही. दोन्हीकडच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या राखणदार व्यवस्थेत) ९६१८ हा एकच पोर्ट, म्हणजे दार, तोही फक्त एकमेकांच्या पत्त्यांपुरता उघडावा लागतो. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हे नेमकं सांगितलं की ते तयार होतात. "सगळं उघडा" म्हटलं की नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. दोन कॉलेजांच्या परीक्षांच्या तारखा वेगळ्या असतील तर या जोडणीचा खरा उपयोग दिसतो.

मघाशी बाजूला ठेवलेलं काम, एकमेकांशी सतत बोलणाऱ्या तुकड्यांचं, ते सुपरकॉम्प्युटरवरच न्यावं. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला २०१५ मध्ये ४५०० कोटींची मंजुरी मिळाली. त्यातून उभं राहिलेलं परम ब्रह्म पुण्याच्या आयसर संस्थेत आहे, आणि सी-डॅक पुणेमध्ये परम सिद्धी-एआय आहे. अशा यंत्रणांवर बाहेरच्या संशोधकांसाठी वेळ मिळण्याची सोय काय आहे ते मार्गदर्शकांमार्फत विचारा. अर्जात किती कोअर-तास लागतील, किती मेमरी लागेल, किती कोअरपर्यंत वेग वाढतो हे आकडे द्यावे लागतात. लॅबच्या पूलवर छोटे रन घेऊन मोजलेले आकडे तुमच्याकडे असतील तर अर्ज पक्का होतो.

सुरुवात चार मशीनवर करा. एखादा जुना डेस्कटॉप मध्यवर्ती व्यवस्थापक म्हणून चालेल, त्याला मात्र चांगला यूपीएस द्या. पहिल्या रात्री ४० गठ्ठेच सोडा. सकाळी त्यातला एक गठ्ठा स्वतःच्या कॉम्प्युटरवर पुन्हा चालवून उत्पादनाचे आकडे जुळतात का ते तपासा. जुळले नाहीत तर बहुतेक वेळा मशीनवरच्या तारखेची किंवा दशांशचिन्हाची सेटिंग वेगळी असते. जॉब रांगेतच अडून बसले तर रांग दाखवणाऱ्या आज्ञेला 'बेटर ॲनलाइझ' हा पर्याय जोडा, कोणत्या अटीपायी किती मशीन नाकारली गेली ते ती सांगते. नव्याने सुरू करणाऱ्यांच्या बाबतीत ती अट बहुधा रॅमची निघते: मॉडेलला अर्धा जीबी पुरत असताना जॉबमध्ये चार जीबी मागितलेले असतात.